हंसा मॅडमचं बिनशिलाईचं वस्त्र

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. घरी आम्ही मराठी बोलतो, पण ते तंजावरचं मराठी. त्यात पुष्कळ शब्द तमिळ, आणि उरलेल्यांतले काही इतके जुने की महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ऐकून हसतात. देवनागरी वाचायला मी कॉलेजात गेल्यावर शिकलो. अजून ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. त्यामुळे माणसं जे बोलली ते मी जमेल तसं पुस्तकी मराठीत उतरवलं आहे, आणि उतरवताना त्यातलं काहीतरी सांडलं असणार. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका स्टाफरूममध्ये बसलेली माणसं अजून गावात आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी लिहील म्हणून मी वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. चुकलं तर माफ करा.

हंसाबाई आम्हाला इतिहास शिकवायच्या. आम्ही त्यांना हंसा मॅडम म्हणायचो. राजवाड्यामागच्या एका गल्लीत भावाच्या कुटुंबाबरोबर राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, हडकुळ्या, चालताना किंचित पुढे झुकलेल्या. नवा माणूस भेटला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्या सदऱ्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहायच्या. हे त्या कुणाशीही करायच्या, विद्यार्थी असो की युनिव्हर्सिटीतून आलेला अधिकारी. मग तोंड किंचित वाकडं करून म्हणायच्या, "पॉलिएस्टर." पुढे काही नाही. ज्याचा सदरा सुती निघायचा त्याला बसायला सांगायच्या.

पहिल्या वर्षाला जगातल्या जुन्या संस्कृतींचा पेपर होता. पुस्तकात ग्रीक बाईचं एक चित्र होतं: पांढरं पातळ कापड, सोनेरी काठ, एक खांदा उघडा. मॅडमनी पुस्तक उघडून वर्गाला दाखवलं.

"हे काय आहे?"

"ग्रीक पोशाख, मॅडम."

"हे बेडशीट आहे. लॉजमधलं."

मग त्यांनी दगडी मूर्तीचा एक मोठा छापील फोटो काढला आणि मला उभं केलं. माझ्या अप्पांचं कीळवासलच्या कोपऱ्यावर शिलाईचं दुकान आहे, हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे.

"तू शिंप्याचा मुलगा ना? हिच्या खांद्यावरची शिवण दाखव."

मी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. खांदा पाहिला, कूस पाहिली, खालची कड पाहिली. शिवण नव्हती. मी फोटो खाली केला. वर्ग हसला.

"नाही सापडत? बस. सापडणार नाही, कारण नाहीच. मुंढा नाही, गळा नाही, कात्री नाही. मागावरून उतरलं तसं अंगावर गेलं. आणि ह्या चुण्या बघ, या पातळ कापडाच्या नव्हेत. पातळ कापड फडफडतं. हे पडतंय. वजनानं पडतंय. ही लोकर आहे."

तंजावरात लोकर कुणी वापरत नाही. तान्ह्या मुलांच्या टोप्या आणि शबरीमलैला जाणाऱ्यांची कांबळी, एवढाच आमचा लोकरीशी संबंध. पण मॅडमच्या डोक्यात गेली कित्येक वर्षं दुसरं काही नव्हतं. जुन्या ग्रीक बायका ज्या रीतीने विणायच्या त्या रीतीने, तसल्याच मागावर, एक पुरं वस्त्र विणायचं. ते जिवंत बाईच्या अंगावर घालायचं. आणि चुण्या दगडातल्यासारख्या पडतात का ते पाहायचं. त्या कधी ग्रीसला गेल्या नव्हत्या. पासपोर्टच नव्हता. सगळं त्यांनी मडक्यांवरच्या चित्रांच्या फोटोंवरून काढलं होतं.

माग त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते सुरूच्या दोन वाशांचं मांडवासारखं काहीतरी वाटलं. दोन वासे भिंतीला टेकवलेले, वर आडवी दांडी, दांडीवरून ताण्याचे धागे खाली सोडलेले आणि खाली धाग्यांच्या जुड्यांना मातीची वजनं बांधलेली. आपल्याकडचा विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, स्वतःकडे ठोकतो. इथे विणणारी उभी राहते, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, आणि लाकडी पट्टीने बाणा वर, डोक्याच्या दिशेने ठोकते. कापड वरून खाली वाढत जातं. ठोकलं की खालची वजनं एकमेकांवर आपटून खडखडतात. अय्यमपेट्टैचा एक रेशीम विणकर एकदा मुद्दाम पाहायला आला. बराच वेळ पाहून म्हणाला, "अक्का, हे उभ्यानं आणि उलटं?"

"तुम्ही बसून विणता म्हणून तुम्हाला पोट आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांचे बँकेतून रिटायर झालेले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची, तिथेच पेपर वाचत बसायचे. आलेल्या माणसाला कॉफी द्यायची आणि बहिणीची चेष्टा करायची, हे दोन्ही ते मन लावून करायचे. "आमच्या हंसाला सासर मिळालं ते एकदम अथेन्सचं," ते म्हणायचे. "पाहा, अजून सून म्हणून राबतेय. एक पैची ओवाळणी नाही."

"दादा, तुझ्या बँकेनं तुला काय ओवाळलं?"

"गुडघेदुखी."

"मग गप्प बैस."

लोकर त्या कोडैकानलच्या वरच्या गावांतून मागवायच्या आणि टकळीवर स्वतः कातायच्या. कुठेही कातायच्या. परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजनला असल्या तरी बाकांच्या मधून चालताना टकळी हातात गरगरत असायची. एकदा करस्पॉन्डंट, म्हणजे संस्थेचे मालकच, हॉलमध्ये आले. ते गोड बोलणारे, गोल चेहऱ्याचे, कायम घाईत असलेले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, परीक्षेत हे काय?"

"सर, माझ्या हॉलमध्ये आजवर कुणी कॉपी केली?"

"नाही."

"टकळीकडे बघतात. कागद काढायला विसरतात."

ते हसून निघून गेले. पण त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मॅडमना 'टकळी' हेच नाव पडलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी कधी दाखवलं नाही, पण नवा कुणी लेक्चरर चुकून बोलून गेला की त्याच्या सदऱ्याला हात लावायला त्या विसरायच्या नाहीत.

त्यांचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. चुकीचं उत्तर त्या दुरुस्त करायच्या नाहीत, तसंच वाऱ्यावर सोडून द्यायच्या आणि मुलगा दिवसभर ते घेऊन फिरायचा. एकदा मी मराठी वाचता येत नाही म्हणालो तर म्हणाल्या, "आईशी बोलतोस ते वाचता येत नाही आणि खिशाला दोन पेनं लावून फिरतोस?" आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मराठी दिवाळी अंकांचा एक गठ्ठा माझ्या बाकावर आपटला. शिकवलं मात्र त्यांनीच, दर शनिवारी, मागापाशी उभं राहून. त्या विणायच्या, मी मोठ्याने वाचायचो. चुकलं की पट्टी मागावर जरा जोरात बसायची.

पहिलं कापड मधेच आत ओढलं गेलं. "कापडाला कंबर आली," दादा म्हणाले. दुसरं चांगलं उतरलं, पण धुतल्यावर असं आटलं की त्याचं आसन करावं लागलं. तिसऱ्याच्या वेळी मॅडमना एक गोष्ट उमगली, आणि ती सांगताना मी त्यांना एकदाच घाईघाईने बोलताना ऐकलं. ताणा दांडीला एकेक बांधायचा नाही. आधी एक अरुंद पट्टी विणायची, दोनेक बोटांची, आणि तिचा बाणा एका बाजूला लांबच लांब सोडत जायचा. ती पट्टी दांडीला शिवून टाकली की ते लांब सोडलेले धागे हाच मोठ्या कापडाचा ताणा. म्हणजे कापडाचा वरचा काठ आधी जन्माला येतो आणि सगळं वस्त्र त्याच्यातून खाली उतरतं. "असा काठ दुसऱ्या मागावर येत नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाही कळेल. म्हणजे ज्याला कळतं त्याला."

ज्याला कळतं असा माणूस तंजावरात नव्हता. त्यांना वाहवा नको होती. तमिळ पेपरचा एक वार्ताहर आला होता, त्याला त्यांनी दारातून परत पाठवलं. त्यांना एकच हवं होतं: जुन्या वस्त्रांचा अभ्यास केलेल्या कुणीतरी ते हातात घ्यावं आणि बरोबर आहे की चूक आहे एवढं सांगावं. चूक आहे म्हटलं तरी चाललं असतं, असं त्या म्हणायच्या. परदेशातल्या अभ्यासकांना त्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून मेल पाठवायच्या. उत्तर यायचं नाही. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर रूममधून बाहेर येताना त्यांच्याकडे पाहायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तिसरं कापड मागावरून उतरलं. साय घातलेल्या कॉफीच्या रंगाचं, वरचा काठ मंजिष्ठेने तांबडा केलेला. त्याचं माप सेल्वीच्या अंगावरून घेतलेलं होतं. सेल्वी माझ्या वर्गातली, व्हॉलीबॉल खेळणारी, कॉलेजातली सगळ्यात उंच मुलगी. मार्गळीतल्या, म्हणजे ऐन थंडीतल्या, एका सकाळी मॅडमनी तिला आणि आम्हा चार-पाच जणांना कॉलेजच्या गच्चीवर बोलावलं. सेल्वीने साध्या पेटीकोट-ब्लाउजवर ते घ्यायचं होतं. मॅडमनी कापड उलगडलं, पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि एका कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं.

आमच्या गावात कुठलाही नवा कपडा हळद लावल्याशिवाय अंगावर जात नाही. तरी आम्ही पाहतच राहिलो.

"मॅडम, ग्रीक लोक हळद लावायचे?" सेल्वीने विचारलं.

"ते तू त्यांना विचार. कापड माझ्या घरातलं आहे."

मग त्यांनी वरचा भाग बाहेरच्या बाजूला दुमडला, पार कमरेपर्यंत, काठ समोर येईल असा. दुमडलेलं वस्त्र सेल्वीभोवती गुंडाळलं, दोन्ही खांद्यांवर एकेक मोठी पिन लावली, कमरेला दोरी बांधली, दोरीवरून थोडं कापड ओढून सैल सोडलं. बस. एवढंच.

"टोचतंय, मॅडम."

"टोचू दे. सरळ उभी राहा."

"हे घालून त्या पळायच्या कशा?"

"कुठे पळतील? हात वर कर. आता एक पाय पुढे."

सेल्वीने पाय पुढे टाकला आणि कापड पडलं. मला दुसरा शब्द सापडत नाही. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरून ते सपाट गेलं आणि मागच्या पायावर जाड, सरळ, खोल चुण्या उतरल्या, नळ्यांसारख्या, एकापुढे एक. फोटोतल्या दगडावर ज्या होत्या त्याच. वारा आला तरी त्या हलल्या नाहीत, नुसत्या एकत्र झुकल्या. मॅडम चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि घाम पुसावा तसं पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "घाम येतोय तिला. काढा."

त्याच आठवड्यात मेलला उत्तर आलं. एक परदेशी बाई, आयुष्यभर जुनी वस्त्रं अभ्यासलेली, आमच्याकडची ब्राँझची शिल्पं बघायला तंजावरला येणार होती. अर्धा तास देईन, वस्त्र दाखवा, असं तिने लिहिलं होतं. मॅडमनी ते करस्पॉन्डंटना सांगितलं, कारण परदेशी पाहुणा कॉलेजात आणायला त्यांची परवानगी लागते. त्यांनी आनंदाने दिली. इतक्या आनंदाने दिली की अर्ध्या तासाची भेट दोन दिवसांत सोहळा झाली. मांडव, सनईसारखं आमचं नादस्वरम्, स्वागतनृत्य, फलक. मॅडम म्हणाल्या, "सर, तिला फक्त कापड बघायचंय." ते म्हणाले, "बघेल ना, मॅडम. आपण नीट दाखवू."

सोहळ्याच्या आधीच्या आठवड्यात मॅडमना पेपर तपासायला तिरुचीला जावं लागलं. वस्त्र डिपार्टमेंटच्या कपाटात होतं. मी तिरुवैयारूजवळच्या एका खेड्यात कॉलेजच्या शिबिराला गेलो होतो. पुढचं मला नंतर, तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

करस्पॉन्डंटनी तयारी बघायला म्हणून कपाट उघडायला लावलं. आत त्यांना एक मोठा चौकोनी कापडाचा तुकडा दिसला. त्यांनी विचारलं, "ड्रेस कुठे आहे?" शिपाई म्हणाला, हेच आहे. त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यात त्यांची चूक म्हणावी तर काय म्हणावी. ज्याला मुंढा नाही, गळा नाही, ते त्यांच्या लेखी अजून न शिवलेलं कापड होतं. मॅडमचं वय झालं, वेळ मिळाला नसेल, असं समजून त्यांनी मदत केली. नाचाच्या मुलींच्या पावाड्यांबरोबर, म्हणजे परकरांबरोबर, ते कापडही त्यांनी शिवायला पाठवलं, सेल्वीच्या मापाची चिठ्ठी लावून. कॉलेजचे युनिफॉर्म ज्या दुकानात जायचे तिथेच. आमच्या.

अप्पांनी ते शिवलं. फार चांगलं शिवलं. पुढे-मागे दोन भाग कापले, मुंढे काढले, बाजूंना शिवण घातली, पाठीला चेन लावली. वरच्या दुमडीचं कापड त्यांना जादा वाटलं, ते उतरवलं. पण तांबडा काठ इतका सुबक होता की टाकवेना, म्हणून तो कापून गळ्याला लावला. शिबिराहून घरी आलो तेव्हा ते मला कौतुकाने सांगत होते, "कॉलेजातून एक माल आला होता रे. असं कापड मी हातात धरलं नव्हतं. कात्री चालेना, दोनदा धार लावली."

मी कॉलेजात धावलो, पण सोहळा त्याच सकाळी होता आणि मुली तयार होऊन उभ्या होत्या. मॅडम तिरुचीच्या बसने उतरून सरळ तिथेच आल्या होत्या. हातात प्रवासाची पिशवी. त्यांनी सेल्वीला पाहिलं. जवळ गेल्या, सदऱ्याला लावायच्या तसा बोटांनी कापडाला हात लावला, पाठीची चेन पाहिली. सेल्वी रडायच्या बेतात होती. म्हणाली, "मॅडम, सरांनी घालायला सांगितलं." मॅडम म्हणाल्या, "हो. घाल. छान बसलंय."

नंतर स्टेजच्या बाजूच्या एका खांबापाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या. पाहुण्या आल्या, पिकलेल्या केसांच्या, साध्या, पायात सँडल. माइकवरून हंसाबाईंचं नाव पुकारलं. त्या हलल्या नाहीत. पुन्हा पुकारलं. एरवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणालाही फाडून खाणारी त्यांची जीभ, ज्या एका घटकेला लागणार होती त्या घटकेला चालली नाही. करस्पॉन्डंटनी माइक घेतला, म्हणाले, मॅडमची प्रकृती बरी नाही, आणि स्वतःच बोलले. स्वागतनृत्य झालं. पाहुण्यांनी सेल्वीच्या पोशाखाला हात लावून पाहिलं, करस्पॉन्डंटशी दोन शब्द बोलल्या, फोटो झाला, हार झाला. अर्ध्या तासात गाडी निघून गेली.

दोन दिवसांनी मॅडम आमच्या दुकानात आल्या. मी मशीनमागे होतो. अप्पा लगबगीने उठले, स्टूल पुसलं.

"या अक्का. मुलावर उपकार आहेत तुमचे. बसा."

"अण्णा, त्या कापडाचे तुकडे उरले असतील."

"आहेत की. टाकतो कसा?" अप्पांनी पिशवी काढली. "उशीत भरायला ठेवले होते. मऊ माल. हवेत तुम्हाला?"

मॅडमनी एक तुकडा उचलला. त्याच्या एका टोकाला हळदीचा डाग होता. तो त्यांनी अंगठ्याने चोळला आणि पिशवीत परत टाकला.

"राहू दे. उशीत बरं पडेल."

"शिलाई कशी वाटली, अक्का? परदेशी बाईंना आवडली म्हणे."

"सरळ आहे," मॅडम म्हणाल्या. "शिलाई फार सरळ आहे, अण्णा." आणि माझ्याकडे न पाहता पायऱ्या उतरून गेल्या.

त्या गेल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग त्यांना राग आला. "मग त्यावर एक चिठ्ठी लावता येत नव्हती? कापू नका म्हणून? शिंप्याच्या दुकानात आलेलं कापड कापलं जातं. एवढं शिकलेल्या बाईला एवढंही कळत नाही?" मग बऱ्याच वेळाने, कात्री पुसता पुसता, "मला तोंडावर शिव्या द्यायच्या होत्या तिनं. सरळ आहे म्हणाली." ते वाक्य त्यांना अजून टोचतं. आमच्या घरात त्या विषयावर पुन्हा कुणी बोलत नाही.

शनिवारचं वाचन बंद झालं. बंद झालं असं त्यांनी सांगितलं नाही. मी गेलो तर दादा म्हणाले, हंसा झोपलीय. पुढच्या शनिवारीही झोपलेल्या होत्या. पडवीत माग नव्हता. वासे कुणीतरी मांडवाला नेले होते. माझा राग त्यांना होता का, अप्पांचा होता, की नुसतं माझं तोंड पाहून ते सगळं आठवत होतं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. माझ्यावर अन्याय झाला असं तेव्हा वाटायचं. आता तसं ठामपणे म्हणवत नाही, पण पुरतं पुसलंही गेलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी खालच्या वर्गाला त्या तोच पेपर शिकवत होत्या. मी दारावरून जात होतो. पुस्तकातलं ग्रीक बाईचं चित्र उघडं होतं आणि त्या खालची ओळ वाचून दाखवत होत्या: ग्रीक लोक पांढरी, पातळ, सैल वस्त्रे वापरीत. "लिहून घ्या," म्हणाल्या. मुलं लिहून घेत होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वर्षीच्या वार्षिक समारंभात. फॅन्सी ड्रेसच्या रांगेत पहिल्या वर्षाची एक मुलगी तोच पोशाख घालून उभी होती. तो आता कॉलेजचा झाला होता, नाटकांच्या पेटीत ठेवलेला. तिला तो मोठा होत होता आणि ऐन वेळी पाठीची चेन तुटली. ती घाबरून जवळच्या मॅडमकडे धावली, त्या नेमक्या हंसा मॅडम होत्या, ड्यूटीवर. मॅडमनी स्वतःच्या साडीची पिन काढली. चेन जिथे होती तिथे ती पुरेना. मग त्यांनी मुलीच्या खांद्यावर कापड ओढून घेतलं, पिन लावली, खाली जमा झालेलं कापड हाताने सोडून दिलं. पुढच्या अंगाला, जिथे शिवण नव्हती, तिथे दोन-तीन चुण्या सरळ खाली उतरल्या. मॅडमचा हात तिथेच राहिला. मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा नंबर आला." त्या म्हणाल्या, "हं. जा."

पुढे मी एम.ए.ला तिरुचीला गेलो. मॅडम रिटायर झाल्या, ओरत्तनाडूला भाचीकडे राहायला गेल्या, एवढं ऐकलं होतं. जाऊन यावं असं दर सुट्टीत वाटायचं. या वर्षी एप्रिलात, चित्रैच्या सुरुवातीला, अप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या मॅडम गेल्या रे. महिना होऊन गेला. दादा दुकानात आले होते, तेव्हा कळलं."

मी ओरत्तनाडूला गेलो. भाचीने पाणी दिलं, कॉफी दिली. आजारपण लांबलं नाही म्हणाली. शेवटी शेवटी काही वाचायच्या नाहीत, टीव्ही बघायच्या. एवढंच. मी निघालो तर रस्त्यावर सेल्वी भेटली. ती तिथे तालुका ऑफिसात नोकरीला आहे, मॅडमना अधूनमधून भेटत असे. बस यायची होती म्हणून ती माझ्याबरोबर थांबली. बोलता बोलता त्या सोहळ्याचा विषय निघाला. मी म्हणालो, निदान त्या बाईने एक शब्द तरी बोलायला हवा होता.

"बोलल्या की," सेल्वी म्हणाली.

"कोण?"

"त्या पाहुण्या. माझ्या गळ्याचा काठ त्यांनी उलटून पाहिला, आतून, बाहेरून. चष्मा काढून पाहिला. मला इंग्रजी तेव्हा फारसं बोलता यायचं नाही, पण कळायचं. म्हणाल्या, हा काठ बरोबर आहे. असा काठ उभ्या मागावरच होतो, आणि हाताने केलेला इतका बरोबर त्यांनी पाहिला नव्हता. हे मेल लिहिणाऱ्या बाईनेच विणलं का, मला तिला भेटायचंय, असं म्हणाल्या."

"मग?"

"करस्पॉन्डंट सर हसले. म्हणाले, कापड बाजारातलंच आहे मॅडम, शिलाई तेवढी आमची. मग पाहुण्यांनी काठ सोडला."

बस आली होती. कंडक्टर शिट्टी वाजवत होता. मी विचारलं, "तू हे हंसा मॅडमना सांगितलं नाहीस? इतक्या वेळा भेटलीस."

सेल्वी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहत राहिली. "सांगायचं काय? त्या तिथेच होत्या. खांबापाशी, माझ्यापासून चार हातांवर. सगळं ऐकलंच असणार त्यांनी."

मी बसमध्ये चढलो. त्या खांबावर त्या दिवशी लाउडस्पीकरचा कर्णा बांधलेला होता, आणि नाच संपल्यापासून पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यातून कानठळ्या बसवत नादस्वरम् वाजत होतं.